लोहाराच्या मुलाचा उत्तरार्ध

आमच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत एक संगणक आहे. त्यावर दिवसां आम्ही लेख लिहितों आणि रात्रीं बोहेमियांत जातों. हा दुसरा उद्योग आमच्या कित्येक स्नेह्यांना या वयास शोभणारा वाटत नाहीं, आणि त्यांच्या म्हणण्यांत कांहींच तथ्य नाहीं असेंही नाहीं. परंतु ज्या कृतीनें आमचे दोन महिने घेतले व अखेरीस एका रात्रीची झोंपही घेतली, तिच्याविषयीं वाचकांशीं चार शब्द बोलल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

प्राग येथील वॉरहॉर्स स्टुडिओज या मंडळींचा ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ हा व्हिडिओ गेम २०१८ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झाला; त्याचा दुसरा भाग सात वर्षांनीं, ४ फेब्रुवारी २०२५ रोजीं बाहेर पडला. या जातीच्या खेळांत राक्षस, मंत्र आणि उडते सर्प यांचा सुळसुळाट असतो. येथें त्यांतलें कांहीं नाहीं. साल १४०३. बोहेमियाचा राजा चौथा वेंट्सेस्लास याला त्याचाच सावत्र भाऊ, हंगेरीचा सिगिस्मुंड, यानें बंदींत टाकलें आहे. सिगिस्मुंडाच्या फौजेनें स्कालित्स नांवाचें खेडें जाळलें, तेथील लोहार व त्याची बायको मारलीं गेलीं, आणि त्यांचा मुलगा हेन्री जिवानिशीं निसटला. तो हेन्री म्हणजे आपण.

पहिल्या भागांत आम्ही एकसारखे हरत होतों. हेन्रीला तलवार धरतां येत नसे, आणि वाचतांही येत नसे; पुस्तक उघडलें तर अक्षरांची नुसती खिचडी दिसे. एका लेखनिकानें त्याला वाचावयास शिकविलें, आणि मग ती खिचडी हळूहळू निवडली जाऊन शब्द दिसूं लागले. त्या वेळीं आमचे वडील हयात होते. ते आरामखुर्चींत वर्तमानपत्र धरून बसत, पण त्यांचें लक्ष पडद्याकडे असे. ‘काय रे, पुन्हां मार खाल्लास?’ हा त्यांचा रोजचा प्रश्न. हेन्रीला पहिलें पान वाचतां आलें त्या रात्रीं मात्र त्यांनीं वर्तमानपत्र खालीं ठेवलें आणि ‘आतां ठीक आहे,’ एवढेंच म्हणाले. दुसरा भाग निघाला तेव्हां ते नव्हते. तो आम्ही एकट्यानेंच खेळलों, हें या परीक्षणांत अगोदरच सांगून टाकलेलें बरें.

आरंभ उत्तम आहे. हेन्री आणि त्याचा तरुण धनी हान्स केपन एक पत्र घेऊन ट्रोस्कीच्या किल्ल्याकडे निघतात. वाटेंत घाला पडतो, बरोबरचीं माणसें मरतात, अंगावरचें चिलखतही जातें. मळक्या फाटक्या वेषांत ते किल्ल्याच्या दाराशीं येतात, तेव्हां पहारेकरी त्यांना हाकलून देतो. मग गुत्त्यांत मारामारी होते, आणि सरदारपुत्र व लोहारपुत्र दोघेही भर चौकांत खोड्यांत अडकतात. दोन काळ्या सुळक्यांवर उभे असलेले ट्रोस्कीचे दोन बुरूज, ज्यांना तेथील लोक ‘कुमारी’ आणि ‘म्हातारी’ म्हणतात, ते वरून हें सारें पाहात असतात. कपड्यांवरून माणसाची किंमत ठरते, ही गोष्ट या खेळांत निव्वळ बोलण्यापुरती नाहीं. अंगाला घाण येत असली तर लोक तोंड फिरवितात. रक्ताचे डाग दिसले तर संशय घेतात. आणि न्हाऊन चांगला अंगरखा घातला कीं तेच लोक अदबीनें बोलूं लागतात.

किल्ल्यांत शिरण्यासाठीं सेमीन येथील एका लग्नाचें आमंत्रण मिळवावें लागतें. तें मिळविण्याचे मार्ग दोन: एक ताखोव्हच्या लोहारामार्फत, दुसरा एका गिरणीवाल्यामार्फत. लोहार काम देतो आणि काम शिकवितो. भट्टींत लोखंड घालावें, भाता ओढावा, रंग योग्य झाला कीं सांडशीनें ऐरणीवर आणावें, सगळीकडे सारखे घाव पडतील असें फिरवीत ठोकावें, थंड पडूं लागलें कीं पुन्हां भट्टींत घालावें, आणि शेवटीं पाणी द्यावें. घाई केली तर पातें वाईट निघतें. हें सारें खोटें आहे, आमच्या हातांत एक प्लॅस्टिकचें यंत्र आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. तरी हेन्री बापाच्या हातचें काम आठवून तें पुन्हां करीत आहे, हेंही आम्हांस ठाऊक होतें. पहिली चांगली तलवार निघाली तेव्हां आम्हीं नकळत मागें आरामखुर्चीकडे पाहिलें.

गिरणीवाला चोरी शिकवितो. आम्ही प्रथम लोहाराकडे गेलों, आणि मग, ‘पाहूं तर खरें काय आहे तें,’ असें म्हणून गिरणीवाल्याकडेही गेलों. खेळाचा मोठा दोष आम्हांला येथें सांपडला. पकडलें गेल्यास दंड, खोडा, छड्या, डाग, आणि अखेर फांसही आहे. पण थोडा सराव झालेला चोर पकडलाच जात नाहीं. ऐरणीवरही पैसा बरा मिळतो, परंतु दुकानदाराच्या पेट्या एका रात्रींत फोडून जें हातीं येतें त्यापुढें तो कांहींच नव्हे. चोरीचा माल कांहीं काळ दडवून ठेवला कीं त्यावरचा कलंकही आपोआप धुवून जातो. अर्धा खेळ होण्यापूर्वींच आमच्यापाशीं इतके ग्रोशेन सांठले कीं बाजारांत आम्हांस न परवडणारी वस्तु उरली नाहीं. ज्या खेळानें भाकरीच्या तुकड्यासाठीं आम्हांस झुरविलें होतें, त्यांत भूक ही केवळ आठवण होऊन बसली.

लढाईचेंही तसेंच. तिचे नियम पूर्वींपेक्षां सुटसुटीत झाले आहेत, आणि हें आरंभीं सुखाचें वाटतें. पण शत्रूचा वार येतांना तलवार त्याच्या विरुद्ध बाजूस धरून प्रतिवार करण्याची एक युक्ति आहे. ती साधली कीं शूर आणि भेकड, सरदार आणि भुरटा, सारे एकाच रीतीनें पडूं लागतात. पहिल्या भागांत रस्त्यावर तिघे दिसले कीं आम्ही घोडा वळवीत होतों. येथें आम्ही त्यांना शोधीत होतों.

उत्तरार्धांत कुटेनबर्ग लागतें. हें आजचें कुत्ना होरा. येथील रुप्याच्या खाणींवर बोहेमियाच्या राजांचें वैभव उभें होतें, आणि १३०० सालापासून प्राग ग्रोशेन हें नाणें येथेंच पाडलें जात असे. १३८८ सालीं बांधावयास घेतलेलें संत बार्बाराचें मंदिर खेळांत अजून अर्धवट आहे. ज्यांनीं तें पुरें झालेलें पाहिलें असेल त्यांना ही अपुरी इमारत पाहून कांहीं निराळेंच वाटेल. शहर इतकें जिवंत आहे कीं मुख्य कथानक त्यांत वारंवार हरवतें, हान्सही बराच वेळ दृष्टीआड राहतो, आणि तो गेला कीं खेळांतला विनोद निम्मा होतो. पुढें हुसाइट युद्धांत गाजलेला यान झिज्का त्याच्या जागीं येतो खरा, पण त्याच्याशीं थट्टा करण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं.

ज्यांना हा खेळ स्वतः खेळावयाचा आहे त्यांनीं यापुढचा परिच्छेद गाळावा. ज्या सेमीनच्या घरीं आपण लग्नांत नाचलों, त्याच घरावर पुढें शस्त्र घेऊन जाण्याची पाळी येते. तेथें कोणास वांचवावें, कोणास मारावें, हें खेळणारानें ठरवावयाचें असतें. असे प्रसंग अनेक येतात आणि मागें पडतात, आपण ते विसरतों. शेवटीं हेन्रीला स्वप्नांत त्याचे मृत आईबाप भेटतात आणि या निवडींचा पाढा वाचला जातो. बाप रागावत नाहीं. बोलतो, थांबतो, आणि पोराचें ऐकून घेतो. आम्हांला त्या क्षणीं त्या मोठ्या निवडी आठवतच नव्हत्या. आठवत होत्या त्या दुकानदारांच्या पेट्या. आमचे वडील रोज रात्रीं निजण्यापूर्वीं जमाखर्च लिहीत, आणि आठ आण्यांचा मेळ बसेना तर दिवा मालवीत नसत. ग्रंथकर्त्यांनीं आम्हांस सहा आठवडे मोकळें सोडलें तें याच रात्रीसाठीं, असें समर्थन कोणी करील. तें आम्हांस मान्य नाहीं. बाजार बिघडला तो बिघडलाच. पण ती रात्र आम्ही जागून काढली, हेंही खरें.

२०२५ च्या एप्रिलमध्यें या खेळांत एक कठीण प्रकार नव्यानें घातला गेला. त्यांत नकाशावर आपण कोठें आहों तें दिसत नाहीं, एका गांवाहून दुसऱ्या गांवीं झटकन् जातां येत नाहीं, आणि आरंभींच निदान तीन व्यंगें पत्करावीं लागतात. आम्हीं त्यांतली पाठदुखी प्रथम निवडली; ती आमच्यापाशीं अगोदरपासून होतीच. या खेपेस गिरणीवाल्याच्या दारांत पाऊल टाकलेलें नाहीं. काल रात्रीं रानांत वाट चुकून आम्ही दोन भुरट्यांच्या हातीं सांपडलों, आणि एका दगडामागें मेलों. सगळी रात्रभरची मजल फुकट गेली.