दोन मिनिटं, फक्त इंग्रजीत

माझा मामेभाऊ रिद्धपूरचा. इंजिनियरिंग अमरावतीला, चारही वर्षं इंग्रजीतून. आता मास्टर्सला इंग्लंडला जायचंय, तर आधी आयईएलटीएस द्या! असो.

पहिल्या खेपेला एकूण ६.५ आले, पण बोलण्यात ५.५. विद्यापीठाला प्रत्येक भागात किमान ६ हवेत. म्हणजे अर्ध्या गुणासाठी गाडी अडली. फीचे सतरा-अठरा हजार मामाच्या संत्र्यांच्या पैशातले. नशीब, कॉम्प्युटरवर परीक्षा दिली असेल तर ६० दिवसांच्या आत एकच भाग पुन्हा देता येतो. सगळी विद्यापीठं ते मानत नाहीत, पण त्याच्या विद्यापीठाने मेलवर हो म्हटलं. तेव्हापासून दर शनिवारी रात्री आमची फोनवर शिकवणी चालते.

बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. मधल्या भागात हातात एक विषय देतात. तयारीला १ मिनिट, मग २ मिनिटांपर्यंत तुम्ही एकट्यानेच बोलायचं. पठ्ठ्या नेमका इथे अडकायचा. क्लासमध्ये पाठ केलेलं म्युझियमचं उत्तर चाळीस सेकंदांत संपायचं.

"दादा, ग्रामर येते मले. पन म्युझियम पाह्यलं कोनं?"

खरंच की! म्हटलं, मग राजमठाबद्दल सांग, आपल्या बोलीत. गडी जो सुटला... गोविंदप्रभू, यात्रेला येणारी माणसं, म्हाइंभटांनी साधारण १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' लिहिलं ती वाजेश्वरी. पाच मिनिटं थांबला नाही. म्हटलं, आता हेच इंग्रजीत सांग. अडखळला, पण दोन मिनिटं भरली.

परीक्षक मोजतो चार गोष्टी: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. चारहींना सारखंच वजन. गोऱ्या साहेबासारखं बोलायची अट कुठेच नाही. तरी क्लासवाले 'अ‍ॅक्सेंट' विकतात आणि आपण घेतो.

गंमत म्हणजे गाव कुठलं, तर रिद्धपूर! महानुभावांचे नागदेवाचार्य संस्कृत जाणणाऱ्या शिष्यांना म्हणाले होते की मराठीत लिहा, नाहीतर माझ्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील. ज्यांना मोठी भाषा येत होती, ते एक पायरी खाली उतरले. त्याच गावात २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. आणि तिथलाच पोरगा दुसऱ्या भाषेची पायरी चढायला घड्याळ लावून बसतो.

मला यात वाईट काही वाटत नाही. लेक्चर इंग्रजीत असेल तर इंग्रजी तपासणारच. पण सांगण्यासारखं काही आत असावं लागतं, आणि ते तो आपल्याच बोलीत, गावातच शिकलाय. अठरा हजार भरून ते मिळत नाही.

परीक्षा पुढच्या शनिवारी, नागपूरला. तुमच्यापैकी कुणी तयारी करत असाल तर पाठ केलेलं म्युझियम सोडा. आधी आपलं गाव सांगून बघा.