विकलेल्या गाडीचे पत्र

गेल्या श्रावणात आमच्या पत्त्यावर एक पत्र आले. लिफाफा जाड, कागद गुळगुळीत, वर मोटारीच्या कारखान्याचे नाव; तेव्हा ही नव्या गाडीची जाहिरात असणार असे गृहीत धरून आम्ही ते न फोडताच उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली सरकवले. दिवाळीच्या आवराआवरीत गठ्ठा हलला तेव्हा ते पुन्हा हाती लागले. ज्या गाडीविषयी ते होते, ती तर आम्ही तीन वर्षांपूर्वीच विकून टाकली होती!

पत्राची भाषा मोठी विनयशील होती. आपल्या वाहनातील एअरबॅग फुगविणारा भाग सदोष असण्याचा संभव आहे. कृपया गाडी आमच्या वर्कशॉपमध्ये आणून तो विनामूल्य बदलून घ्यावा. संभव, कृपया, विनामूल्य! शब्दांचे अर्थ सांगण्यात ज्यांची हयात गेली त्या आम्हांला या तीन शब्दांआड काय दडले आहे, हे मात्र चिरंजीवांकडून समजून घ्यावे लागले.

अपघाताच्या क्षणी ही पिशवी डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी फुगावी, म्हणून तिच्यामागे धातूची एक डबी असते. तीतील द्रव्य पेटते आणि वायू उत्पन्न होतो. जपानच्या ताकाता कंपनीने या कामी अमोनियम नायट्रेट वापरले. उष्ण व दमट हवेत वर्षानुवर्षे राहिले म्हणजे ते बिघडते. मग पेटताना त्याचा जोर अनावर होऊन डबीच फुटते, आणि जी पिशवी जीव वाचवावयाची तिच्यातूनच धातूचे तुकडे बसणाराच्या गळ्यापर्यंत येतात. एकट्या अमेरिकेत अशा सुमारे ६ कोटी ७० लाख डब्या परत मागवाव्या लागल्या. २०१७ मध्ये कंपनीने तेथील न्यायालयात फसवणुकीचा गुन्हा कबूल केला, आणि त्याच वर्षी तिचे दिवाळे निघाले. आमच्या पत्रात डबी कोणाची हे लिहिले नव्हते. परंतु हवेतील ओलाव्याचा उल्लेख होता.

तो वाचला मात्र, आमच्या पोटात धस्स झाले. गाडी घेणारे गृहस्थ रत्नागिरीचे, शाळेत शिक्षक. जेथे आषाढात डब्यातले पापड मऊ पडतात आणि कपाटातल्या पुस्तकांना बुरशी चढते, तेथे आमची गाडी तीन पावसाळे उभी होती!

आपल्याकडे २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात सुधारणा झाली आणि सदोष गाड्या परत मागविण्याचा आदेश कारखानदाराला देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. चांगलेच झाले. परंतु आदेश कितीही कडक असला, तरी पत्र जावयाचे ते वहीत असलेल्या पत्त्यावरच. सरकारी दफ्तरी गाडी रीतसर त्यांच्या नावावर चढली होती. कारखान्याच्या वहीत मात्र आम्हीच अद्याप तिचे धनी होतो.

त्याच रात्री आम्ही फोन केला.

"गाडी उत्तम आहे हो सर," गुरुजी म्हणाले. "हॉर्नसुद्धा अजून तुमच्या वेळचाच आहे. नसते दुखणे कशाला उकरायचे?"

"पुढे तुमच्या शेजारी कोण बसते?" आम्ही विचारले.

"कोण म्हणजे? धाकटी. रोज शाळेत सोडतो तिला."

यावर आम्ही पत्र अथपासून इतिपर्यंत वाचून दाखविले. आणि तेही या खेपेस विनय वगळून. पलीकडे बराच वेळ कोणी बोलेना. दुसऱ्या दिवशी ते वर्कशॉपमध्ये गेले. चासी नंबर जुळला. सुटा भाग मात्र तीन आठवड्यांनी आला. तोवर गाडी अंगणात झाकून ठेवली होती आणि मुलगी एस.टी.ने शाळेत जात होती. भाग बदलावयास अर्धा दिवसही लागला नाही.

काम झाल्यावर गुरुजींचा फोन आला. "सर, तुमचे फार उपकार झाले. गाडी विकल्यावर इतकी आठवण कोण ठेवतो?" डिसेंबरात आंब्याच्या वड्यांचा डबाही आला. सौभाग्यवतींनी तो उघडून आमच्यापुढे ठेवला आणि त्या काही न बोलता आत गेल्या. पत्र कधी आले होते, हे गुरुजींनी विचारले नव्हते. आणि आम्हीही ते सांगितले नव्हते.