न थांबणारी गाडी

इंग्लंडात लँकेस्टरला मामाकडे गेले, तेव्हा जवळचं कार्नफोर्थ स्टेशन पाहिलं. चिमुकलं गाव, पण स्टेशन १८४६ सालचं! १९४५ च्या फेब्रुवारीत, महायुद्ध चालू असताना, इथे ‘ब्रीफ एन्काउंटर’ सिनेमाचं शूटिंग झालं. बाँबहल्ल्याचा धोका लंडनपेक्षा कमी, म्हणून रात्री दिवे लावता येत. सिनेमातलं ते मोठं घड्याळ अजून आहे.

मुख्य मार्गाचे फलाट मात्र १९७० साली बंद झाले. एक एक्सप्रेस धाडधाड निघून गेली. मला आमच्या गावचं स्टेशन आठवलं. तिथली पॅसेंजर बंद झाली, तेव्हापासून आजीचं मावशीकडे जाणंच राहिलंय.

एवढ्यात दुसऱ्या फलाटावर लीड्सची छोटी गाडी थांबली. पिशवी सांभाळत एक आजीबाई उतरल्या. काय बरं वाटलं म्हणून सांगू!