चाळकेवाडीचे वारे आणि विजेचा ताल

बेळगावहून पुण्याकडे जाताना आपल्यापैकी पुष्कळ जण साताऱ्याला थांबतात ते कंदी पेढ्यांसाठी, फार तर सज्जनगडावरील समर्थांच्या समाधीच्या दर्शनासाठी. गडाच्या बाजूने ठोसेघरच्या धबधब्यावरून पुढे जाणारा रस्ता चाळकेवाडीच्या पठारावर चढतो. तेथवर जाण्याची उसंत थोड्यांनाच असते. आम्ही गेलो ते ऐन आषाढात, आणि पवनचक्क्या पाहायच्या तर आषाढातच पाहाव्यात असे आमचे मत झाले आहे.

जांभ्या कातळाचे ते उघडेबोडके पठार. नैर्ऋत्येचा वारा असा सुटलेला की छत्री ही वस्तू निरुपयोगी ठरावी आणि बोललेला शब्द शेजारच्याच्या कानी पोचू नये. धुक्याचा पडदा क्षणभर सरकला की एकामागून एक पांढरे स्तंभ प्रकट होतात, त्यांची पाती घरघरत फिरताना दिसतात, आणि पुन्हा सारे धूसर होते. ही रांग पुढे वनकुसवड्यापर्यंत गेली आहे. तेथे खाली कोयनेचा शिवाजीसागर पसरलेला आहे.

पाती फिरली की वीज होते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ती जाळ्यात नांदते कशी, हा प्रश्न अधिक कुतूहलाचा. आपले वीजजाळे सेकंदाला ५० आवर्तनांच्या तालावर चालते. मागणी वाढली की ताल किंचित मंदावतो, उत्पादन वाढले की चढतो. औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांतील अवजड चाके याच तालात बांधलेली असतात. एखादे केंद्र अकस्मात बंद पडले तर त्यांच्या अंगची गती पहिले काही क्षण तूट भरून काढते. नव्या पवनचक्क्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेमार्फत जोडलेल्या असल्याने त्यांच्या पात्यांची गती या तालाशी थेट बांधलेली नसते. पठारावरील पहिल्या पिढीच्या लहान यंत्रांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांचे जनित्र चुंबकत्वासाठी जाळ्यावरच विसंबून; जाळ्यातील दाब घसरला की ते अधिकच ओढू लागते, बुडत्याने वाचवणाऱ्याच्या गळ्यात पडावे तसे. म्हणून अशा प्रसंगी पवनचक्कीने सुटे व्हावे, हीच पूर्वीची रीत होती. चार चक्क्या होत्या तोवर ती ठीक होती. शेकडो चक्क्या एकदम सुट्या झाल्या तर?

दक्षिण ऑस्ट्रेलियाने ते २८ सप्टेंबर २०१६ रोजी अनुभवले. वादळाने अतिदाबाच्या वाहिन्यांचे मनोरे आडवे केले आणि दोन मिनिटांत सहा वेळा जाळ्यातील दाब घसरला. वारा तर भरपूर होता! परंतु असे धक्के लागोपाठ बसल्यास माघार घ्यावी, अशी मर्यादा अनेक पवनचक्क्यांच्या नियंत्रणात घालून ठेवलेली होती, आणि जाळे सांभाळणाऱ्यांना तिची कल्पनाच नव्हती. सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॉट उत्पादन घटले. तो भार शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याकडून येणाऱ्या वाहिनीवर पडला, ती सुटली, आणि सारे राज्य अंधारात बुडाले. काहींनी लागलीच वाऱ्याला बोल लावला. आम्हांस तो न्याय वाटत नाही. मनोरे पडल्यानंतरही जे सावरता आले असते ते यंत्रात लिहून ठेवलेल्या एका आकड्याने घालवले. तो आकडा पुढे बदलण्यात आला. शिवाय २०२१ मध्ये तेथे चार प्रचंड यंत्रे कामास लागली, जी वीज निर्माण करीत नाहीत, केवळ जाळ्याच्या तालात फिरत राहून त्याला आधार देतात.

आपल्याकडे १५ एप्रिल २०१४ पासून उच्च दाबाच्या जाळ्याला जोडल्या जाणाऱ्या पवनकेंद्रांना नियमच आहे: दाब १५ टक्क्यांवर उतरला तरी ३०० मिलिसेकंद, म्हणजे डोळ्याचे पाते लवण्याइतका वेळ, जाळ्याची साथ सोडायची नाही. पठारावरील जुनी यंत्रे या नियमाच्या आधीची आहेत.

सीमाभागातील वाचकांस हे परके वाटू नये. २०१३ साल सरेपर्यंत बेळगाव दक्षिणेच्या जाळ्यात आणि कोल्हापूर पश्चिमेच्या. निपाणीच्या पलीकडे भाषा तीच, पण विजेचा ताल निराळा. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दोन्ही जाळी जोडली आणि देशाचा ताल एक झाला. तेव्हापासून चाळकेवाडीचा वारा पडल्याची जाणीव, कणभर का होईना, बेळगावच्या दिव्याला होते, आणि गदग-चित्रदुर्गच्या चक्क्यांचे सुखदुःख साताऱ्यापर्यंत पोचते.

अशा वेळी सावरायला लागते ते पाणी. जलविद्युत यंत्र काही मिनिटांत पूर्ण भार घेऊ शकते, आणि १,९०० मेगावॉटहून अधिक क्षमतेची कोयना तर या पठाराच्या पायथ्याशीच आहे. मात्र वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या तिच्या पाण्याला कृष्णा लवादाने वर्षाकाठी ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. आषाढात पवनचक्क्यांनी जेवढी गरज भागवावी तेवढे पाणी फाल्गुन-चैत्रासाठी शिल्लक राहू शकते, आणि तेव्हा पठारावरची पाती पुष्कळदा स्वस्थ उभी असतात.