सेरामपूर ते संग्रामपूर

आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टरकी शिकायला फिलाडेल्फियाला निघाल्या, तेव्हा त्यांचे यजमान गोपाळराव कलकत्त्याजवळ सेरामपूरला पोस्टात नोकरीला होते. आमची कन्या गेल्या वर्षी त्याच फिलाडेल्फियाला शिकायला गेली, तेव्हा मी संग्रामपूरला बँकेत नोकरीला होतो. (अजूनही आहे.) साम्य इथेच संपतं. बायको स्वयंपाकघरात दिसली की गोपाळराव संतापायचे. आमच्या मुलीला स्वयंपाकघर कुठे आहे ते दाखवावं लागे!

आता तिचा फोन येतो, "बाबा, आईला विचारा, पिठल्याला पाणी किती?" मग हळूच म्हणते, "आज एक चित्र काढलं."

कर्जाचा हप्ता आठवून मी विचारतो, "अभ्यासातलं का गं?"

"नाही हो. आपला ओटा. त्यावर तुम्ही, पेपर वाचताना."

बी.कॉम.च्या वह्यांच्या मागच्या पानांवर मीही विनोदी लेख खरडत असे. वडील विचारत, "परीक्षेत येतं का हे?"

आनंदीबाई १८८६ साली एम.डी. होऊन परतल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत, वयाच्या एकविसाव्या वर्षी गेल्या. हे मी मुलीपाशी कधी काढत नाही. "जेवलीस का?" एवढंच विचारतो.

काल ते चित्र आलं. माझ्या हातात पेपर उलटा आहे.

सौ. म्हणाली, "हुबेहूब!"