कागदी रणगाडा

आषाढांत एके दुपारीं आमच्या सूनबाईंनीं माझ्यापुढें गाऱ्हाणें मांडलें. "मामंजी, हा सैन्यांत जाणार म्हणून बसला आहे. तुमचें तो ऐकतो. तुम्हींच दोन शब्द सांगा." 'हा' म्हणजे माझा नातू, इयत्ता नववीचा विद्यार्थी. ३६ वर्षें मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेतल्यावर मला एवढें कळलें आहे, कीं त्या वयांत उपदेश केला म्हणजे हट्ट दुणावतो. तेव्हां मीं निराळेंच बोललों. "बाळ, आपण एक रणगाडा करूं या. जगांतला पहिला, पण कागदाचा."

मूळ गाडी इंग्रजांची, 'मार्क वन' नांवाची. १५ सप्टेंबर १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोमच्या रणभूमीवर, फ्लेर गांवाजवळ, रणगाडे प्रथमच लढाईंत उतरले. गुप्तता राहावी म्हणून बांधतांना त्यांस पाण्याच्या टाक्या म्हणत. तेंच 'टँक' हें नांव पुढें रूढ झालें. हा इंग्रजी शब्द आपल्याकडील गुजराती-मराठी 'टांकें' या शब्दापासून निघाला, असें अनेक कोशकार मानतात. म्हणजे आपल्याच अंगणांतला शब्द विलायतेंत जाऊन चिलखत घालून परतला!

आराखडा नातवानें पालघरच्या दुकानांतून जाड कागदावर छापून आणला. प्रमाण एकास पंचवीस. त्यामुळें ८ मीटरांचें धूड ३२ सेंटिमीटरांवर आलें. आकार पाहून घरांतल्या बायका हंसल्या, कारण गाडी थेट शंकरपाळ्यासारखी. परंतु खंदक ओलांडतां यावा, समोरचा बांध चढतां यावा, एवढ्याचसाठीं पट्टा सबंध अंगाभोंवतीं फिरविलेला. आणि माथा जड होऊं नये म्हणून तोफा दोन्ही कुशींच्या सज्जांत.

आमच्या कोळगांवच्या पावसाळ्यानें मात्र फार छळलें. दमट हवेनें कागद फुगे, चिंचोक्यांची खळ वाळेना, आणि एके सकाळीं गाडीची एक बाजू पापडासारखी उचललेली दिसली. शेवटीं पुठ्ठे तांदळाच्या डब्यांत ठेवून कोरडे केले व फेव्हिकॉल आणला.

एके रात्रीं नातवानें हिशेब मांडला. मूळ चिलखत जाडींत जाड १२ मिलिमीटर. त्याचा पंचविसावा भाग जवळजवळ अर्धा मिलिमीटर. त्यानें आमचा पुठ्ठा मोजला, तोहि तेवढाच भरला. तो म्हणाला, "म्हणजे आजोबा, हें कागदाचें असलें तरी खोटें नाहीं. एवढ्याच आडोशाला माणसें बसत?"

मग मीं आंतली हकीकत सांगितली. माणसें आठ, त्यांच्या मधोमध उघडें १०५ अश्वशक्तीचें इंजिन, धूर, ५० अंशांपर्यंत उष्णता, आणि आवाज असा कीं बोलणें हातांच्या खुणांनीं. गाडी हांकण्या-वळविण्यालाच चौघे लागत, आणि वेग फार तर भरभर चालणाऱ्या माणसाएवढा. त्या पहिल्या दिवशीं कित्येक गाड्या शत्रूपर्यंत पोहोंचण्यापूर्वींच बंद पडल्या. दुसऱ्या दिवशीं नातवानें ७-७ सेंटिमीटरांचीं आठ माणसें कापलीं. माना वांकविल्याशिवाय तीं आंत उभीं राहीनात.

सूनबाईंचें काम झालें, असें मला वाटलें. तोंच त्यानें विचारलें, "आणि तारापोर यांच्या गाडींत?" आमच्या शेजारच्या तारापूरचें नांव आडनांवांत वागविणारे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १९६५ च्या युद्धांत पूना हॉर्स या रणगाड्यांच्या पथकाचे प्रमुख होते. गाडी सेंच्युरियन, माणसें चार. जखमी होऊनहि त्यांनीं मागें जाण्याचें नाकारलें. १६ सप्टेंबरला त्यांना वीरमरण आलें, आणि मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें. हें सारें मीं सांगितलें. सूनबाई दारांत उभ्या राहून ऐकत होत्या, तरी लपवून ठेवणें मला जमलें नाहीं.

तो सैन्यांत जाईल कीं नाहीं, हें मी सांगूं शकत नाहीं. मात्र पूर्वीं तो तोफा मोजीत असे, आतां माणसें मोजतो. गाडीचें छत त्यानें मुद्दाम चिकटविलें नाहीं. आंतलीं माणसें दिसलीं पाहिजेत, म्हणतो. सूनबाई रोज तें छत उचलून धूळ पुसतात आणि पुन्हां अलगद ठेवतात. दिवाळीच्या सुटींत अहिल्यानगरचें रणगाड्यांचें संग्रहालय पाहण्याचा बेत निघाला, तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "मीहि येतें."