कणांमधली फट

क्लोरोऑरिक आम्लाच्या पाण्याला उकळी आणून ते ढवळत ठेवायचं, त्यात सायट्रेट ओतायचं. फिकट पिवळा रंग आधी नाहीसा होतो, मग काळपट जांभळी झाक येते आणि सोन्याचे सूक्ष्म कण तयार होऊन काही मिनिटांत द्रावण डाळिंबी लाल होतं. टर्केविच यांची 1951 ची ही कृती. फॅरेडेनं 1857 मध्येच सोन्याची अशी लाल द्रावणं करून दाखवली होती. ती लाली उतरताना पाहायचा मला अजून कंटाळा आलेला नाही.

माझं काम मात्र पाण्यातलं कीटकनाशक हुडकण्याचं, आणि त्याला असे सुटे कण फारसे उपयोगी नाहीत. ते सिलिकॉनच्या चिपवर दाटीनं बसवावे लागतात, कारण खरं काम करते ती शेजारच्या दोन कणांमधली एक-दोन नॅनोमीटरची फट. लेसर पडला की सोन्यातले इलेक्ट्रॉन एका लयीत डोलतात, फटीतलं विद्युतक्षेत्र कितीतरी पटींनी वाढतं, आणि तिथं अडकलेल्या रेणूचं, त्याची ओळख पटवणारं पण एरवी अतिशय क्षीण असणारं रामन विकिरण मोजता येतं. 1974 मध्ये साउदम्प्टनला खडबडीत केलेल्या चांदीवर पिरिडीनचा असा ठळक संकेत मिळाला, तेव्हा त्याचं श्रेय वाढलेल्या क्षेत्रफळाला दिलं गेलं. तेवढ्यानं हिशेब जुळत नाही, हे 1977 मध्ये ध्यानात आलं. चांदी सोन्याहून उजळ खरी, पण ती काळवंडते. मी सोन्यालाच धरून आहे.

फट जराशी रुंदावली की संकेत कोसळतो. म्हणून एकाच चिपवर एक ठिपका लखलखतो आणि शेजारचा गप्प. लखलखत्या ठिपक्याचा आलेख तेवढा दाखवणं मला मुळीच पटत नाही. पाणी कुणीतरी पिणार असतं. मी चिपभर जाळी आखून मोजते, आणि थोडी मंद पण सगळीकडे सारखी चिप निवडते.

थायरम हे बुरशीनाशक सहज सापडतं, कारण त्यातलं गंधक सोन्याला घट्ट धरतं. नदीच्या पाण्यात तेही अवघड होतं. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातलं ह्युमिक द्रव्य सोन्यावर आधी जागा अडवतं. शुद्ध पाण्यातल्या आकड्यांवर म्हणूनच माझा भरवसा नाही. पाण्यातल्या आणखी एका दूषकाचं, पर्क्लोरेटचं, दुखणं निराळं: त्याचा भार ऋण, सायट्रेटनं वेढलेल्या सोन्याचाही ऋण, त्यामुळे ते जवळच येत नाही. त्यासाठी सिस्टिअमीनचा धनभारित थर द्यावा लागतो. तो थर पातळच हवा, कारण सोन्यापासून दूर गेलं की क्षेत्र झपाट्यानं ओसरतं. सध्या माझं सगळं लक्ष त्या थरावर आहे.